रोपं मोजण्याआधी पाणी मोजा: किनारा सावरतोय का हे तपासायला शिकताना

किनाऱ्यावरच्या पुनरुज्जीवन प्रकल्पाच्या फलकावर एक आकडा हमखास असतो: इतकी हजार रोपं लावली. दोन वर्षांनी त्याच जागी जाऊन पाहिलं तर बऱ्याचदा आधाराच्या काठ्या रांगेत उभ्या दिसतात आणि रोपांचा पत्ता नसतो. लागवड किती झाली हे फलक सांगतो. किनारा सावरला का, हे शोधायला वेगळी मोजमापं लागतात. ती कोणत्या क्रमाने घ्यायची आणि नवखा माणूस कुठे फसतो, ते इथे लिहितोय. उदाहरणं मुख्यतः खारफुटीची आणि समुद्रगवताची आहेत, कारण माझे पाय त्याच चिखलात रुतलेले आहेत. प्रवाळ आणि कालवांच्या थरांची तंत्रं वेगळी, पण विचार करायची पद्धत तीच.

१. आधी विचारा: परत का आलं नाही?

खारफुटीचं एक झाड हंगामात ढीगभर बिया किंवा शेंगा टाकतं आणि भरती त्या फुकट वाहून नेते. तरीही एखादी जागा वर्षानुवर्षं उघडी असेल, तर काहीतरी अडतंय. शक्यता ढोबळमानाने तीन. बी पोचतच नाही. पोचतं, पण रुजायच्या आत लाटा, खोल पाणी किंवा जनावरं त्याला टिकू देत नाहीत. किंवा रुजतं, पण पाणी वा माती त्याला मारते. तिन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून हा निवाडा आधी व्हायला हवा.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या पूर्व किनाऱ्यावर ईलग्रास नावाचं समुद्रगवत १९३० च्या दशकात रोगाने आणि १९३३ च्या चक्रीवादळाने नाहीसं झालं. पुढची सहाएक दशकं ते तिथे जवळपास दिसलंच नाही. पाणी चांगलं होतं, उजेड पोचत होता. बी मात्र पोचत नव्हतं, कारण या गवताचं बी पडल्या जागेपासून फार लांब जात नाही. संशोधकांनी हे आधी लहान वाफ्यांत तपासलं आणि मग दोन दशकांत ७ कोटींहून जास्त बिया पेरल्या. २०२० पर्यंत ते गवत सुमारे ३,६०० हेक्टरवर पसरलं होतं. पेरणीचं क्षेत्र त्याच्या एका लहान तुकड्याएवढंच होतं, बाकीचं गवताने स्वतः व्यापलं.

फ्लोरिडातल्या टॅम्पा उपसागराची गोष्ट उलटी. तिथे सांडपाण्यातल्या नायट्रोजनमुळे पाण्यात शैवाल माजायचं आणि तळाशी उजेड पोचेनासा झाला होता. तिथे कितीही बी पेरलं असतं तरी वाया गेलं असतं. सांडपाणी नीट शुद्ध करायला लागल्यावर पाणी निवळलं आणि गवत बहुतांशी आपणहून परतलं. २०१६ नंतर ते पुन्हा घटलं. हे वेळेत कळलं, कारण उद्दिष्ट गाठल्यावरही तिथली मोजणी थांबवली नव्हती.

हा प्रश्न न विचारता केलेल्या कामाचं काय होतं, ते फिलिपिन्सने दाखवलं. तिथल्या अनेक दशकांच्या खारफुटी लागवडीचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जगलेल्या रोपांचं प्रमाण साधारण १० ते २० टक्के निघालं. रोपं लावली होती समुद्राच्या तोंडावरच्या उघड्या चिखलात आणि समुद्रगवताच्या कुरणांत, म्हणजे खारफुटी कधी नव्हतीच अशा जागी. त्यातही निवडली कांदळ ही खारफुटीची जात, कारण तिची लांब शेंग गोळा करायला सोपी आणि चिखलात खुपसली की काम झालं. अशा उघड्यावर निसर्गतः आधी येतात त्या तिवर आणि चिप्पी या जाती. श्रीलंकेत २००४ च्या त्सुनामीनंतरच्या लागवडीच्या २३ जागा संशोधकांनी पुढे तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ९ जागी एकही रोप जिवंत सापडलं नाही.

म्हणून पहिले काही आठवडे चिखलात उतरू नका. जुने नकाशे, विमानातून काढलेली छायाचित्रं आणि उपग्रहचित्रं काढून बसा. मग तिथे मासेमारी करणाऱ्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. ‘पूर्वी कसं होतं?’ असं विचारलंत तर ‘फार छान होतं’ एवढंच हाती लागेल. ‘भरतीचं पाणी पूर्वी कुठून आत यायचं? तो बांध घातल्यावर कुठपर्यंत यायचं बंद झालं? होडी शेवटची कधी आतपर्यंत गेली?’ असं विचारा. माझ्या अनुभवात उघड्या पडलेल्या जागेचं उत्तर बऱ्याचदा एखाद्या बांधात नाहीतर रस्त्याखालच्या बुजलेल्या मोरीत सापडतं.

२. पाणी आणि उंची

सगळ्या लेखात एकच भाग लक्षात ठेवणार असाल, तर तो हा ठेवा. खारफुटीला रोज पाणी हवं असतं, पण दिवसभर नको असतं. रॉबिन लुईस या अमेरिकन शास्त्रज्ञाने या विषयात आयुष्य घालवलं. त्यांचा ठोकताळा असा की निरोगी खारफुटीची जमीन एकूण वेळेच्या साधारण ३० टक्के किंवा त्याहून कमी काळच पाण्याखाली असते. उरलेल्या वेळात चिखलाबाहेर आलेली मुळं श्वास घेतात. जमीन थोडी खाली असली तर रोप गुदमरतं, थोडी वर असली तर उन्हात मिठाचा थर साचतो. हा फरक अनेकदा वीतभरच असतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फ्लोरिडातल्या वेस्ट लेक इथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यापुढे जमिनीची उंची उतरवली, भरतीचे ओहोळ पुन्हा खोदले आणि लागवड केलीच नाही. काही वर्षांत तिथे खारफुटी दाट उभी राहिली.

पाणी मोजायला महागडं यंत्र लागतंच असं नाही. बाटल्यांची पद्धत साधी आहे. एक बांबू पक्का रोवा आणि त्यावर दर दहा सेंटिमीटरवर एक छोटी प्लास्टिकची बाटली बांधा. उधाणाची भरती येऊन गेली की सर्वांत वरची भरलेली बाटली पाहा, पाणी तिथपर्यंत चढलं होतं. बाटल्या ओतून पुन्हा बांधा. असे तीन-चार बांबू वेगवेगळ्या जागी रोवले की पाणी आत कुठवर आणि किती खोल जातं याचं चित्र तयार होतं.

पहिल्यांदा मी बाटल्या तोंड उघडं ठेवून बांधल्या होत्या. एका सकाळी सगळ्या काठोकाठ भरलेल्या मिळाल्या आणि मी वहीत विक्रमी भरती नोंदवली. सोबतच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी एका बाटलीतलं पाणी जिभेला लावलं आणि हसल्या. ते गोडं होतं, रात्री पाऊस पडला होता. तेव्हापासून टोपण लावतो आणि बाटलीच्या बाजूला एक भोक पाडतो. मग उंची मोजायची ती त्या भोकाची, बाटलीच्या बुडाची नव्हे.

बांबूंच्या उंची एकमेकांशी जुळवून घेणं हा दुसरा भाग. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी जवळच्या अंतरासाठी पुरते. याहून सोपी युक्ती म्हणजे वारा नसलेल्या दिवशी भरती माथ्यावर येऊन पाणी स्थिर झालं की सगळ्या बांबूंवर एकाच मिनिटाला पाण्याची रेघ मारणं. जवळजवळच्या बांबूंवरची ती रेघ एकाच पातळीत असते. पाण्याचा दाब नोंदवणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच, पण त्याच्यासोबत हवेचा दाब मोजणारं दुसरं यंत्र कोरड्या जागी ठेवावं लागतं. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की तुमच्या नोंदीतली पातळी सुमारे १ सेंटिमीटरने चुकते. वादळी हवेत ही चूक वीतभर होऊ शकते.

मोजणी किमान एका उधाणापासून पुढच्या भांगापर्यंत (म्हणजे भरती सर्वांत कमी चढते त्या दिवसांपर्यंत) आणि परत उधाणापर्यंत चालवा, म्हणजे पंधरवडाभर. एवढ्यानेही पूर्ण चित्र मिळत नाही. चंद्राच्या कक्षेच्या डोलण्यामुळे भरती-ओहोटीतला फरक १८.६ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात दिसलेली वाढ-घट त्या चक्राचाही भाग असू शकते, हे डोक्यात असू द्या.

समुद्रगवतासाठी पाण्याच्या खोलीइतकाच उजेड महत्त्वाचा. त्याला पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाच्या निदान १० टक्क्यांच्या आसपास उजेड लागतो, बऱ्याच जातींना त्याहून अधिक. अँजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात वापरून पाहिलेली पांढरी तबकडी आजही यासाठी चालते. दोरीने ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली लिहायची. दरवेळी तबकडी तीच, दिवसाची वेळ साधारण तीच आणि शक्यतो डोळेही तेच असावेत.

३. तुलनेसाठी दोन प्रकारच्या जागा

तुमची जागा सुधारतेय असं म्हणायचं, तर कशाच्या मानाने? एक हवी निरोगी जागा, जिथे शेवटी पोचायचं आहे. दुसरी हवी तितकीच बिघडलेली, पण हात न लावलेली जागा. ही दुसरी नेहमी विसरली जाते. चांगल्या पावसाच्या वर्षात खारेपणा उतरतो आणि सगळीकडेच रोपं तरारतात. हात न लावलेली जागा सोबत मोजलेली नसेल, तर ते श्रेय आपसूक प्रकल्पाच्या खात्यात जमा होतं.

दोन्ही प्रकारच्या जागा काम सुरू व्हायच्या आधीपासून मोजायला घ्या आणि शक्य असेल तर प्रत्येकी एकाहून जास्त निवडा. आधीची नोंद नसलेल्या प्रकल्पात तुम्ही सामील होत असाल, तर निदान जुनी उपग्रहचित्रं काढून ठेवा.

४. दोरी, चौकट आणि प्रामाणिकपणा

आता चिखलात उतरा. किनाऱ्याला काटकोनात, समुद्राकडून जमिनीकडे एक दोरी ताणा. ती काटकोनातच हवी, कारण पुढे गेलात की उंची बदलते आणि उंचीबरोबर सगळंच बदलतं. दोन्ही टोकांना पक्के खांब रोवा आणि जीपीएसच्या आकड्यांसोबत ‘मोठ्या वाकड्या झाडापासून उत्तरेला बारा पावलं’ असंही लिहा. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते आणि चिखलात काही मीटर म्हणजे फार.

दोरीवर ठरावीक अंतराने चौकट टाकायची आणि तिच्या आत येईल तेवढंच मोजायचं. समुद्रगवतासाठी जगभर रुळलेली एक मांडणी अशी: ५० मीटरच्या तीन समांतर दोऱ्या, एकमेकींपासून २५ मीटरवर, आणि प्रत्येकीवर दर ५ मीटरला ५० सेंटिमीटरची चौकट. शून्य मीटर धरून एका दोरीवर ११ आणि एकूण ३३ चौकटी होतात. चौकट कुठे पडणार हे घरूनच ठरवून या. जागेवर ठरवलंत तर पाय आपोआप घट्ट जमिनीकडे आणि हिरव्या तुकड्याकडे वळतात. मी हे स्वतःच्या नोंदींत पाहिलंय: पहिल्या हंगामातल्या माझ्या बहुतेक चौकटी चालायला सोप्या जागी होत्या.

खारफुटीच्या चौकटीत काय पाहायचं? लावलेली रोपं वेगळी आणि आपणहून उगवलेली वेगळी मोजा. हा भेद सर्वांत मोलाचा आहे, कारण आपणहून आलेलं रोप म्हणजे जागा आता तयार असल्याची खूण. मेलेलीही मोजा. उंची, पानांच्या जोड्या आणि खेकड्यांची बिळंही लिहा. बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळतं, त्यामुळे कधीकधी झाडांच्या आधी तीच बदल दाखवतात. बोट खुपसून चिखलाचा वास घ्या. कुजक्या अंड्यासारखा तीव्र वास म्हणजे आत प्राणवायू नाही आणि सल्फाइड साचतंय.

समुद्रगवतात ‘किती टक्के झाकलंय’ हा अंदाज डोळ्यांनीच करावा लागतो आणि दोन माणसांचा अंदाज सहज वीस टक्क्यांनी वेगळा येतो. मोजणीच्या दिवशी सुरुवातीला सगळ्यांनी त्याच पाच चौकटी स्वतंत्रपणे पाहायच्या, आकडे लिहायचे आणि मग उघड करायचे. वाद होतो, तो होऊ द्या. आधी चाळीस म्हणणारा आणि साठ म्हणणारा तासाभरात पन्नासच्या आसपास येतात.

वही जलरोधक कागदाची आणि हातात पेन्सिल. शाई भिजली की दिवस गेला. आणि शून्य लिहायला शिका. सुरुवातीला मी रिकाम्या चौकटीपुढे काहीच लिहीत नसे. घरी आल्यावर कळेना की तिथे रोप नव्हतं, की मी ती चौकट पाहिलीच नव्हती. एका हंगामाच्या नोंदींचा मोठा भाग त्यामुळे बाद करावा लागला. काही सापडलं नाही तर ‘०’, पाहिलं नाही तर ‘न पाहिलेलं’, आणि त्याचं कारणही.

५. जमीन वर येतेय का?

समुद्राची पातळी वाढतेय, तेव्हा किनाऱ्याची जमीनही त्या वेगाने वर यायला हवी. भरती गाळ आणते, मुळं माती धरतात आणि फुगवतात. हे बदल वर्षाला काही मिलिमीटरचे असतात आणि पट्टी रोवून मोजायला गेलात तर पट्टीच खचते. म्हणून खोल, पुढे जाईना इतकी सळई ठोकतात. त्या अढळ सळईवर आडवा हात बसवतात आणि हातातून नऊ पिना चिखलाच्या पृष्ठावर अलगद टेकवतात. हात चार दिशांना फिरवला की एका जागेची ३६ मापं मिळतात. पीन चिखलात किंचितही खुपसायची नाही आणि सळईभोवती पाय ठेवायचा नाही, फळ्यांवर उभं राहायचं. मी पाहिलेल्या सर्वांत शांत मोजणीपैकी ही एक. दोन माणसं, श्वास रोखलेला, एक आकडे सांगतोय आणि दुसरा लिहितोय.

शेजारी फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवतात. वर्षाने तिथल्या चिखलाचा उभा तुकडा कापून काढला की पांढऱ्या रेघेवर किती गाळ साचला ते दिसतं. समजा गाळ ६ मिलिमीटर साचला, पण पिनांनी जमीन २ मिलिमीटरच वर दाखवली, तर उरलेले ४ मिलिमीटर खालची माती दबली. मेलेल्या मुळांच्या जमिनीत असं होतं. प्राचीन गाळाच्या नोंदींवर २०२० साली झालेल्या अभ्यासातून दिसलं की समुद्रपातळी वर्षाला सुमारे ६ मिलिमीटरहून वेगाने चढते तेव्हा खारफुटीला तग धरणं बहुतेक अशक्य होतं. एवढ्या लहान आकड्यावर निकाल असतो, म्हणून इतका सांभाळ.

६. उपग्रहचित्रं

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं १० मीटर तपशिलाची आणि फुकट, दोन उपग्रह धरले तर साधारण दर पाच दिवसांनी. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या नोंदी १९७२ पासूनच्या. नवख्यांची एक चूक इतकी ठरलेली आहे की तीच सांगतो: एक चित्र भरतीचं आणि दुसरं ओहोटीचं घेऊन ते झाडं ‘वाढली’ किंवा ‘घटली’ असं म्हणतात. प्रत्येक चित्राच्या वेळेची भरतीची पातळी तपासा आणि जवळपास सारख्या पातळीचीच चित्रं जोडीने ठेवा. ऋतूही तोच हवा.

७. आकडे हाती आल्यावर

एका जागेतल्या ३३ चौकटी म्हणजे ३३ जागा नव्हेत. त्या एकाच जागेबद्दल सांगतात. १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी पर्यावरणशास्त्रातल्या या चुकीवर जोरदार टीका केली होती, तरी ती आजही होते. ‘लागवडीने फायदा होतो’ असं सर्वसाधारण विधान करायचं तर अनेक लागवडीच्या जागा हव्यात. एकच असेल, तर तेवढ्या एका जागेपुरतं बोला.

लागवडीची रीतही प्रयोगाचा विषय असते. वनीकरणाच्या सवयीने रोपं अंतर सोडून लावली जातात, म्हणजे एकमेकांशी स्पर्धा होणार नाही. पण कठीण चिखलात शेजारी स्पर्धकापेक्षा आधार जास्त असतो: लाटेचा जोर विभागला जातो, मुळांतून झिरपणारा प्राणवायू वाटून घेतला जातो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फ्लोरिडा आणि नेदरलँड्समधल्या खाऱ्या दलदलींत गवताचे तेवढेच ठोंब विखरून आणि झुपक्याने लावून पाहिले होते, तेव्हा झुपक्यातली वाढ सरासरी दुपटीहून जास्त निघाली. रोपं तीच, खर्च तोच. तुमच्या जागेवर कुणी लागवड करणारच असेल, तर अर्धी झुपक्याने लावू द्या म्हणून मागे लागा आणि दोन्ही वेगवेगळी मोजा.

८. उतरण्याआधी

हे शेवटी लिहितोय, पण करायचं सर्वांत आधी. किनाऱ्याच्या बऱ्याच जागा संरक्षित असतात, त्यामुळे खांब रोवायला किंवा माती काढायलाही परवानगी लागते. ती लेखी घ्या. एकट्याने जाऊ नका. ओहोटी लागल्यावर आत जा आणि ओहोटीचा तळ यायच्या सुमारास परतायला लागा. पाणी आधी मागच्या ओहोळांत चढतं आणि वाट पाठीमागूनच बंद होते. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालच्या अंदाजावर आज जाऊ नका. चिखलात पाय रुतला तर ओढू नका. अंग मागे टाका, वजन पसरू द्या, पाय हलवत हलवत सोडवा. बूट घोट्याला घट्ट बांधलेले हवेत, सैल बूट चिखल ठेवून घेतो.

परत आल्यावर त्याच संध्याकाळी वहीच्या पानांची छायाचित्रं काढा आणि आकडे संगणकात भरा. खांबांच्या जागांची यादी, वाकड्या झाडाच्या खुणेसकट, निदान दोन माणसांकडे ठेवा. पाच वर्षांनी ते खांब शोधायला जाणारा माणूस बहुधा दुसराच कुणी असेल, आणि तोवर ते झाड पडलेलंही असू शकतं. म्हणून खूण एकाच झाडाची देऊ नका, तीन द्या.